रंग माझे, फोटो यांचे

दिवाळी अंकासाठी लिहा असा फोन आला तो खरं तर यांना. रोह्यातला स्टुडिओ यांचा, पाटीवर नाव यांचं, तालुकाभरच्या लग्नांत खांद्याला कॅमेरा अडकवून फिरले तेही हेच. पण यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, "लिहायचं काम आमच्याकडं ती करते," म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला. मी तेव्हा भिजवलेले वाल सोलत बसले होते. ओल्या बोटांनी फोन धरून मी हो म्हणून टाकलं, आणि आता लिहिते आहे.

मी सुनंदा. माहेर पेण, सासर रोहा. हे म्हणजे माझे यजमान, वसंतराव. लेखभर मी त्यांना 'हे'च म्हणणार. नाव घ्यायची सवय नाही, आणि या वयात लावून घ्यायची हौसही नाही.

आमच्या धंद्याबद्दल लोकांची समजूत अशी असते की कॅमेऱ्याचं बटण दाबलं की फोटो झाला. फोटो तिथे फक्त सुरू होतो. लग्नाचा मांडव बघा. वर लाल-पिवळं कापड ताणलेलं असतं, त्यातून ऊन झिरपतं आणि खाली बसलेल्या सगळ्यांच्या तोंडावर तोच रंग चढतो. भटजी कावीळ झाल्यासारखे दिसतात. संध्याकाळी हॉलमध्ये जा, तिथल्या ट्यूबलाइटखाली नवरीचे गाल हिरवट पडतात. डोळा हे सगळं माफ करतो, कॅमेरा करत नाही. म्हणून नंतर कुणीतरी बसून एकेका फोटोतला चढलेला रंग उतरवायचा असतो. मी आधी फोटोतली पांढरी गोष्ट शोधते. नवऱ्याची टोपी, अक्षता, कुणाचे तरी दात. पांढरं पांढरं झालं की बाकीचे रंग आपापल्या जागेवर जाऊन बसतात. मग अंगाचा रंग. तो मला शिकवावा लागला नाही. पेणला आमचा गणपतीचा कारखाना. लाल, पिवळा आणि पांढरा मिळवून अंगाचा रंग कसा करायचा, कुठे थांबायचं, हे बाबांच्या शेजारी बसून लहानपणीच हातात आलं होतं.

आमच्या स्टुडिओत हे काम पहिल्यापासून माझ्याकडेच का आलं, ते सांगते.

हे मला बघायला आले तेव्हा कारखान्यात गर्दीचे दिवस होते. बाबा एका मूर्तीच्या शेल्यावर काम करत होते, त्यांना उठता येईना. त्यांनी पाहुण्यांना तिथेच स्टुलांवर बसवलं आणि बोलता बोलता यांना म्हणाले, "तो हिरवा डबा जरा इकडं सरकवा हो." यांनी लाल उचलला. झाकण नसलेला, काठोकाठ भरलेला लाल. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. ट्रे खाली ठेवला, यांच्या हातातून डबा घेतला आणि हिरवा बाबांच्या हाताशी नेऊन ठेवला. बाबांनी शेल्यावरची नजर काढलीच नव्हती, त्यांना काही कळलं नाही. यांना मात्र कळलं की मला कळलंय.

नंतर आम्हाला मागच्या अंगणात बोलायला सोडलं. हे सरळच म्हणाले, "मला लाल-हिरव्यातला फरक कळत नाय. रेल्वेत भरती होणार होतो, तिथं ठिपक्यांचं पुस्तक दाखवतात, त्यातले आकडे मला दिसले नायत. घरी म्हायती हाय. तुमच्या वडलांना सांगायचं का ते तुम्ही ठरवा."

मी म्हटलं, "मला दिसतं की. एका घरात एकाला दिसलं म्हणजे झालं."

बाबांना मी सांगितलं नाही. माझ्या भावाला, सुरेशलाही नाही.

रेल्वेनं नाकारल्यावर यांनी कॅमेरा धरला होता, कारण तेव्हा फोटो काळे-पांढरे होते. त्यात यांचा हात कुणी धरू शकत नसे. रंगीत रोल आले तेही निभावले. रोल पनवेलच्या लॅबला जायचे, रंगांची काळजी तिथला माणूस करायचा. स्टुडिओतला पडदा कुठला लावायचा, कुठल्या साडीमागे कुठला रंग मरतो, एवढंच मी बघायची. कॅमेऱ्यातून रोल गेला आणि सगळं कॉम्प्युटरवर आलं तेव्हा प्रश्न आला. पहिल्याच लग्नाचे फोटो यांनी बसून नीट केले आणि मला दाखवले. नवरी टोमॅटोसारखी झाली होती. यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, खुर्चीतून उठले आणि खुर्ची माझ्याकडे फिरवली. तेव्हापासून ती माझी झाली.

गिऱ्हाइकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. कधी कधी त्यानं गंमतही व्हायची. जवळच्या अष्टमी गावचे एक गृहस्थ ओळखपत्राच्या फोटोला आले होते. मिशांना मेंदी लावलेली, ती चांगलीच भडकलेली. नारिंगी मिशा घेऊन ते बिचारे आरशासमोर घुटमळत होते. शेवटी यांना म्हणाले, "खरं सांगा, लय लाल वाटते काय?" यांनी मान वाकडी करून मनापासून बघितलं आणि म्हणाले, "अजिबात नाय. झ्याक दिसते." त्या माणसाचा चेहरा असा फुलला की आयुष्यात त्यांचा त्याहून चांगला फोटो निघाला नसेल. आत मी तोंडाला पदर लावून बसले होते. प्रिंट काढताना मिशी जरा काळी केली.

सगळी गिऱ्हाइकं हसवणारी नसत. पेणच्या खाडीकडच्या गावातून एक बाई आल्या होत्या, मिठागरावर काम करणाऱ्या. नवरा गेला होता आणि त्याचा एकच फोटो होता, कार्डावरचा, काळा-पांढरा. तो मोठा करून त्यात रंग भरून हवा होता. मी विचारलं, "शर्ट कुठल्या रंगाचा होता?"

"निला व्हता गो बाय," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. "म्हंजे घेतला तवा निला. मंग धुऊन धुऊन... मिठाचं पानी ना."

मी निळा भरून दाखवला. त्यांनी मान हलवली. आकाशी केला. नाही. राखाडी मिसळला, खांद्यांवर जरा फिका केला, जिथे ऊन जास्त लागतं तिथे. हे मागे उभे राहून बघत होते. निळा यांना चांगला दिसतो. हे हळूच म्हणाले, "कॉलर अजून उतरव. घामानं कॉलर आधी जाते." मी कॉलर उतरवली. बाईंनी पुढे होऊन स्क्रीनवर बोट ठेवलं, शर्टाच्या कॉलरवर, आणि म्हणाल्या, "ह्योच. यो मीच धुतलेला हाय."

आमचं काम असं चालायचं. फोटो यांचे, रंग माझे. लोक म्हणायचे, रंग बघावेत तर वसंतरावांचे. हे नुसतं हसायचे. मला त्यात कधी काही खुपलं नाही. पण यांना खुपत होतं, हे मला गेल्या वर्षापर्यंत कळलं नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही भाऊबीजेला पेणला गेलो होतो. तिथल्या हौशी फोटोग्राफर मंडळींनी रंगीत छायाचित्रांची स्पर्धा ठेवली होती. विषय होता 'माझ्या परिसराचे रंग'. सुरेशनं आल्या आल्या बातमी दिली. "भाऊजी, यात तुम्ही उतराच. तुमच्यासारखे रंग या जिल्ह्यात कुणाचे आहेत? मी तर त्यांना सांगूनच आलोय, आमचे भाऊजी येणार म्हणून."

हे "बघू" म्हणाले. घरी आल्यावर शर्टाची बटणं काढता काढता म्हणाले, "सुरेश बोलला ते सगळे तुझे रंग."

"मग काय झालं?"

"काय नाय झालं. पण मला कसं दिसतं ते मी कदी कागदावर बघितलंच नाय. एकदा बघायचं हाय."

दुसऱ्या दिवशी यांनी आयोजकांना फोन लावला, तेव्हा कळलं की स्पर्धेला अट होती: फोटो ज्याचा, रंगाचं कामही त्यानंच केलेलं पाहिजे. दुसऱ्याचा हात चालणार नाही. हे फोन ठेवून म्हणाले, "बरंच झालं."

मला भीती वाटत होती, हे लपवत नाही. लग्नसराई तोंडावर होती. रंग न दिसणारा फोटोग्राफर म्हणून नाव झालं तर कोण बोलावणार? आणि त्याहून मोठी भीती, यांना कुणी हसलं तर? चारचौघांत हसलं तर?

फोटो मिळाला तो कोलाडच्या वाटेवर. एका नातेवाइकाकडे निघालो होतो. भात कापून झालं होतं आणि अवेळी आभाळ भरून आलं होतं. रस्त्याच्या कडेला एका शेतात भाऱ्यांची मोठी रास रचलेली होती, आणि एक वयस्क बाई एकटीच तिच्यावर निळी ताडपत्री ओढायला धडपडत होती. वारा खालून शिरून ताडपत्री वर फुगवत होता. यांनी स्कूटर थांबवली, कॅमेरा काढला आणि धावले. एक फोटो काढला असेल नसेल, तोच ती बाई ओरडली, "फोटू मागनं काढा हो! आधी तो दगड द्या हिकडं!" यांनी कॅमेरा माझ्याकडे दिला आणि दगड उचलला. मग मीही कॅमेरा पिशवीत टाकून दुसरं टोक धरलं. ताडपत्री बांधून होईपर्यंत थेंब सुरू झाले. बाईंनी आम्हाला पडवीत नेऊन कोरा चहा दिला. फोटो स्पर्धेला देऊ का, असं यांनी विचारलं तर म्हणाल्या, "द्या की. पन भात वाचलं ते आधी सांगा त्यांना."

दुसऱ्या दिवशी दुपारी हे स्टुडिओत माझ्या खुर्चीवर बसले आणि मी मागच्याच आमच्या स्वयंपाकघरात. इतक्या वर्षांत त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. माऊसचा आवाज यायचा आणि माझा हात शिवशिवायचा. काय करतायत? हिरवा सांभाळतायत ना? मी डबे घासले, मग घासलेले डबे परत घासले. शेवटी हाक आली.

"सुनंदा, बघतेस?"

मी गेले. मागचा डोंगर सुकून गेला होता. फोटो काढला त्या दिवशी तो हिरवागार होता, पावसाळा नुकताच सरलेला. स्क्रीनवर तो चहासारखा तपकिरी दिसत होता, आणि पायवाटेची लाल मातीही तशीच. बाईंचं लुगडं लाल होतं, हिरव्या काठाचं. ते आता विटक्या कपड्यासारखं वाटत होतं.

"डोंगर हिरवा राहिला नाही," मी म्हटलं.

"कसा झालाय?"

"वाळल्या गवतासारखा."

"वाईट दिसतो?"

खोटं बोलता आलं असतं. पण अंगणात हे माझ्याशी खोटं बोलले नव्हते. "मला सवय नाही," मी म्हटलं. "मला सांगता येत नाही."

"लोक हसतील?"

"काही जण हसतील."

हे स्क्रीनकडे बघत म्हणाले, "मला मात्र हा बरोबर दिसतोय. त्या दिवशी असाच होता." आणि तसाच तो फोटो गेला.

प्रदर्शन पेणच्या एका हॉलमध्ये होतं. सगळ्यांचे फोटो भिंतीला लावलेले, आणि जो तो आपापल्या फोटोजवळ उभा. मूर्ती, होड्या, खाडीवरचे पक्षी, हिरवीगार शेतं. सगळे रंग कसे टवटवीत. त्यांच्यात आमचा फोटो उन्हात विसरलेल्या कॅलेंडरसारखा दिसत होता. मी यांच्या बाजूला उभी राहिले. दोन तरुण मुलं समोर थांबली. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "काकांचा स्क्रीन बिघडलाय वाटतं." हळू म्हणाला, पण आम्हाला ऐकू आलं.

तेवढ्यात सुरेश आला. फोटो बघून त्याचा चेहराच पडला. त्याला काय वाटलं असेल ते मी समजू शकते, तो गावभर सांगून बसला होता. तो यांच्या कानाशी लागला. "भाऊजी, प्रिंटवाल्यानं घोळ घातलाय. मी बोलतो परीक्षकांशी. तुमचे रंग असे नसतात, मला माहीत आहे."

सुटायला वाट होती. एवढंच म्हणायचं होतं, हो रे, प्रिंट बिघडली. मी मनातल्या मनात यांना म्हटलं, म्हणा. म्हणून टाका आणि घरी चला.

"प्रिंट बरोबर हाय, सुरेश," हे म्हणाले. नेहमीच्याच आवाजात म्हणाले, त्यामुळे ती दोन मुलं आणि आजूबाजूचे लोकही वळले. "मला लाल आणि हिरवा येगळा दिसत नाय. जन्मापासून. तुम्ही लग्नांतले बघता ते रंग माझे नायत, तुझ्या बहिणीचे. सगळे तिचे. हा एकच माझा हाय."

सुरेश एकदा यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला.

"ताई, इतकी वर्षं? आणि बोलली नाहीस?"

"माझं गुपित नव्हतं ते," मी म्हटलं.

मघाच्या मुलांतला एक जण जवळ आला. चेहरा लाल झाला होता त्याचा. "सॉरी काका," म्हणाला. यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, तू बोललास ते खरंच हाय. माझा स्क्रीन जन्मताच तसा हाय." आणि स्वतःच हसले. मग तोही हसला, आणि आजूबाजूचेही. हसण्याची मला इतकी भीती होती, आणि ते असं आलं.

निकालात यांचं नाव नव्हतं. परीक्षक एक चित्रकला शिकवणाऱ्या बाई होत्या. त्या स्वतः येऊन म्हणाल्या, "मी हा पहिल्याच फेरीत बाजूला ठेवला होता. आधी कळलं असतं तर वेगळा विचार केला असता." हे म्हणाले, "नाय कळलं तेच बरं मॅडम. फोटो बघून ठेवलात ना बाजूला, मग ठीक हाय." मला आत थोडं लागलं. यांना लागलं असेल तर दिसलं नाही.

पुढचं सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला काळजी लागून राहील. धंदा बुडाला नाही. आठवड्याभरात अष्टमीहून एका नवरीच्या आईचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलल्या, मग चाचरत म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या मिस्टरांना म्हणे रंग..." मी म्हटलं, "रंग मी बघते. तुमच्या मोठीच्या लग्नातही मीच बघितले होते." पलीकडे हिशेब जुळला तशा त्या म्हणाल्या, "अगो, मग हळदीला तुमीपन या ना!" आता लग्नांना मी बरोबर जाते. एक काम मात्र गेलं, एकच. त्याचं वाईट वाटलं, पण जाणारं काम कशानंही जातं.

वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ती त्या संध्याकाळची आहे.

बक्षिसं वाटून झाली, लोक पांगले. सुरेश गाडी आणायला गेला. हॉलमधली माणसं खुर्च्या एकावर एक रचत होती. हे आपला फोटो भिंतीवरून उतरवायला निघाले, तेव्हा मी म्हटलं, "थांबा." संसार झाला, किती लग्नं, किती अल्बम झाले, आणि सगळा वेळ मी यांना सांगत आले होते. हा शालू लाल आहे. हा पडदा हिरवा आहे. हा आंबा कच्चा आहे, ठेवा परत. यांनी ते सगळं ऐकलं आणि मानलं. यांना काय दिसतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. काही दिसत नाही एवढंच धरून चालले होते.

"मला सांगा ना," मी म्हटलं. "तुम्हाला यात काय दिसतं?"

हे जरा गोंधळले. मग फोटोच्या जवळ गेले आणि बोटानं दाखवायला लागले.

"तू आधी तिचं लुगडं बघत असशील. मला ते दिसतच नाय फारसं, ते डोंगरात मिसळून जातं. डोंगरही गप्प बसलाय मागं. मग उरतं काय? हा भाताचा पिवळा आणि हा निळा. हे दोन माझ्या अंगावर येतात. आणि त्या निळ्यावर तिचे हात. बघ, ह्या बोटांची नखं पांढरी पडलीत. ताडपत्री किती जोरात ओढत्ये ती. वारा किती होता ते तिच्या मनगटात दिसतं गो."

मी बघितलं. नखं खरंच पांढरी पडलेली होती. तो फोटो घरात इतके दिवस होता, मी टोक धरून त्या बाईंच्या शेजारी उभी राहिले होते, आणि त्यांचे हात मी पहिल्यांदा पाहत होते.

बाहेर सुरेशनं हॉर्न वाजवला. हॉलवाल्यानं विचारलं, "काका, लाइट घालवू?"

"पाच मिनिटं थांबा हो," मी त्याला म्हटलं, रचलेल्यातल्या दोन खुर्च्या काढून फोटोसमोर मांडल्या आणि यांना म्हटलं, "बसा. आणि ते आभाळ? ते कसं दिसतं?"